केसरबाईच्या सात चांदण्या

आमच्या देवघरात लोणच्याची एक धुतलेली बरणी आहे आणि तिच्यात अकरा फुलवाती आहेत. मी त्या लावत नाही आणि टाकतही नाही. आमचे उद्धवराव दर आठ दिवसांनी विचारतात, "बाजारातून वाती आणून राह्यली, मंग ह्या काऊन ठेवल्या?" मी म्हणते, तुम्ही तुमचं पाहा. त्यांना सगळं ठाऊक आहे, तरी विचारतात.

त्या वाती केसरबाईनं वळलेल्या आहेत. केसरबाई सुलतानपूरची, लोणार तालुक्यातली. आपल्यावर कोणी दोन ओळी लिहाव्यात असं आपण काय केलं, असं तीच म्हणाली असती. पण तिच्या बोटांचं जे झालं त्यात माझा वाटा आहे, आणि घराबाहेर हे मी कोणापुढं बोलले नाही. पोटात ठेवून ठेवून जीव नकोसा झाला, म्हणून लिहून टाकते.

मी शैलजा. चिखलीत एकोणीस वर्षं बालवाडी चालवली. पोरांची नाकं पुसली, गाणी म्हणवून घेतली, पाटीवर शून्य गोल आला की शाब्बास म्हणून लाल खडूनं चांदणी काढून दिली. बालवाडी बंद पडली तेव्हा बसस्टँडमागच्या एका दवाखान्यात कामाला लागले. तिथं एक आड एक गुरुवारी डॉक्टर सौमित्र येतात, संधिवाताचे. वय पस्तिशीच्या आत, बोलणं इतकं हळू की पेशंट दोनदा "काय म्हणले?" विचारतो. सकाळी आठपासून पायरीवर माणसं बसतात. मेहकरची, देऊळगावराजाची, पार लोणारकडची. साठ-सत्तर पेशंट आणि डॉक्टर एकटे. एकेकाला पाच मिनिटं मिळाली तरी नशीब म्हणायचं.

म्हणून तो कागद आला. एका पानाचा. दहा प्रश्न: कपडे घालता येतात का, हुक-बटणं लावता येतात का, अंथरुणातून उठता येतं का, भरलेला पेला तोंडाला नेता येतो का, नळ फिरवता येतो का, गाडीत चढता-उतरता येतं का, असे. प्रत्येकाला चार उत्तरं: मुळीच त्रास नाही, थोडा त्रास, फार त्रास, जमतच नाही. खाली दोन रेघा, शून्य ते दहा. एक दुखण्याची, एक एकंदर कसं चाललंय त्याची. सगळं गेल्या आठ दिवसांचं विचारायचं. सगळ्याचा हिशेब करून तीसपैकी एक आकडा काढायचा.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं. "शैलजाताई, हा म्हातारपणाचा गुडघ्याचा वात नाही. यात शरीरच स्वतःच्या सांध्यांवर उलटतं. रक्त तपासून, हात दाबून मला अर्धं कळतं. उरलेलं अर्धं ज्याचं दुखतं त्यालाच माहीत असतं. आकडा उतरत असेल तर तेच औषध पुढं चालवायचं. उतरत नसेल तर थांबायचं नाही, लगेच वाढवायचं, बदलायचं. पहिलं वर्ष-दीड वर्ष महत्त्वाचं. तेवढ्यात ही आग विझली नाही तर बोटं वाकडी होतात, आणि एकदा झाली की औषधानं सरळ होत नाहीत. म्हणून हा कागद नीट भरा."

नीट भरा. मी मान हलवली होती, बालवाडीतली पोरं हलवायची तशी.

पहिल्याच महिन्यात गंमत झाली. उंद्रीचे एक आजोबा, तीसपैकी बावीस आले, तर बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत सुटले, "मले बावीस भेटले बे! तुले किती?" मागच्या बाकावर ज्याला सहा आले होते तो बिचारा तोंड पाडून बसला. मी हसून हसून बेजार. मग उभी राहिले आणि बालवाडीच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "ऐका! इथं उलटं आहे. ज्याचा आकडा कमी तो हुशार. आकडा उतरवायचा, चढवायचा नाही. कळलं का?" सगळे म्हणाले, हाव बाई.

आणि मग माझ्यातली ती मेली बालवाडीची बाई जागी झाली. मागच्यापेक्षा आकडा उतरला की मी "शाब्बास!" म्हणायची आणि कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनानं चांदणी काढायची. म्हातारी माणसंसुद्धा खूश व्हायची. "बाई, मही चांदणी?" म्हणून मान लांब करायची. डॉक्टरांनी ते पाहिलं होतं. हसले होते. दवाखान्यात तेवढीच हसण्याची जागा होती, त्यांनी काऊन अडवावं?

केसरबाई आली ती श्रावणात. सुलतानपूरहून काळीपिवळी जीपनं मेहकर, तिथून एसटीनं चिखली. बरोबर सून, प्रेरणा. केसरबाईचं वय छप्पन, अंगानं काटकुळी, नऊवारीचा पदर दोन्ही हातांवरून घेतलेला. मी पदर बाजूला करायला लावला. बोटांची मधली पेरं सुजून चकाकत होती आणि मनगटं लाल. मी प्रश्न विचारत गेले, ती खाली पाहून सांगत गेली. पदर खोवता येत नाही. पेला दोन हातांनी धरते. सकाळी दोन तास मुठी वळत नाहीत. आणि न विचारता एक सांगितलं, "वात वळल्या जात नाही व बाई."

आकडा आला तेवीस.

प्रेरणानं वातींचं सांगितलं. सुलतानपुरात आणि आजूबाजूच्या चार गावांत लक्षवातीचा नेम कोणी धरला की वाती केसरबाईकडून जात. घरच्या कापसाची सरकी हातानं काढायची, कापूस पिंजायचा, चिमटीला राख लावून असा पीळ द्यायचा की खाली गोल बूड आणि वर दाभणासारखी मान. ती वात तुपात उभी राहते, लवंडत नाही. शेगावचा एक दुकानदार दर महिन्याला माणूस पाठवून पोतंभर नेई. पंधराव्या वर्षी ती लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम. शेतातून आल्यावर, भाकरी झाल्यावर, बोलता बोलता. नवरा कडूबा शेवटपर्यंत तिच्या वातीनं देवापुढं दिवा लावत आला, आणि जाईपर्यंत एकदा म्हणाला नाही की वात चांगली आहे. "सासूबी म्हणे नाही, सासराबी म्हणे नाही," केसरबाई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. कोणाकोणाच्या घरी नसतंच.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या त्या पिवळ्या, आणि बाकीच्या. महिन्यानं बोलावलं. जाताना तिनं सही केली. चौथी शिकलेली होती, सही करायची तिला हौस. पेन दोन्ही हातांनी धरून पूर्ण नाव लिहिलं, आणि तेवढ्यासाठी मागची लाइन खोळंबली.

महिन्यानं आकडा आला सतरा. मी म्हणाले, "शाब्बास केसरबाई!" आणि चांदणी काढली.

तिनं त्या चांदणीकडं पाहिलं ते मी विसरू शकत नाही. एवढ्या मोठ्या बाईचं तोंड पोरीसारखं झालं. पदर तोंडावर धरून हसली. "मले भेटली का ही?"

"तुमचीच आहे, मावशी."

"आतापावतो मले कोणी शाब्बास म्हणलं नाही व बाई," ती म्हणाली आणि परत हसली. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. घरी जाऊन उद्धवरावांना सांगितलं, कौतुकानं.

पुढच्या महिन्यात बारा. मग आठ. मग सहा, पाच, चार. दर वेळी ती गुरुवारी यायची, म्हणायची शेगावच्या महाराजांचा वार आहे, चांगलंच होईल. दर वेळी माझ्यासाठी वर्तमानपत्राच्या पुडीत एकतीस वाती. एक महिन्याच्या. मी नको म्हटलं की म्हणायची, "तू चांदणी देतं, मंग म्या काय रिकाम्या हातानं येऊ?" मी प्रश्न वाचायचा अवकाश, तिचं उत्तर तयार असायचं. हुक लावता येतात? येतात. पेला उचलता येतो? येतो. नळ? येते ना व, काय झालं आता मले! दुखणं किती? एक. नाही, अर्धा लिही.

डॉक्टर कागद पाहायचे, बोटं दाबायचे. सूज उतरलेली दिसायची. "छान," म्हणायचे, "हेच चालू ठेवू." दर वेळी तेच औषध, तेवढंच.

फाल्गुनात आकडा आला तीन. सातवी चांदणी. मी सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, शिका जरा सुलतानपूरच्या केसरबाईकडून!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसरबाई लाजून दाराआड गेली.

आता सांगते ते जे मी पाहिलं आणि पाहूनही पाहिलं नाही.

मार्गशीर्षात सहीच्या वेळी ती म्हणाली, "चष्मा ईसरली बाई, अंगठा लावते." मी शाईचा पॅड पुढं केला. पौषात परत चष्मा विसरली. माघातही. कागदावरची चांदणी तिला बिनचष्म्याची दिसायची, त्याचं मला काहीच वाटलं नाही. अंगठासुद्धा ती हात टेबलावर टेकवून, मनगटाचा भार देऊन उठवायची.

आणि वाती. आमच्याकडं तिन्हीसांजेला निरांजन लागतं आणि मी पोथीचा एक अध्याय वाचते. केसरबाईची वात अध्याय संपेपर्यंत टिकायची, वर पाच मिनिटं. मग ती अध्यायाच्या मध्येच विझू लागली. मग सुरुवातीलाच. मान ढिली, तुपात लवंडून पडायची आणि चर्र करून अंधार. मी उद्धवरावांवर डाफरले, तुपात काय मिसळून आणता म्हणून. दुकान बदललं. निरांजन घासलं. उद्धवराव म्हणाले, यंदा कापूसच हलका आहे. रोज तिन्हीसांजेला ती वात मला काहीतरी सांगत होती आणि मी रोज तुपाला शिव्या देत होते.

चैत्रात डॉक्टरांना बाहेरगावी जायचं होतं म्हणून गुरुवारऐवजी मंगळवार ठरला. मी सोमवारी दुपारी बसून सगळ्यांना फोन लावले. सुलतानपूरला प्रेरणानं उचलला. "उद्याच?" ती म्हणाली. मग मागं केसरबाईचा आवाज आला, "उद्या कसं जमन व? उद्या नाही जमत म्हणा." मी फोनवरच झापलं, "जमवा मावशी. तारीख चुकवायची नाही. आठवी चांदणी घ्यायची आहे ना?"

आली बिचारी. दुपारी दीड वाजता. एसटीतून प्रेरणानं काखेत धरून उतरवली होती. दोन्ही हात पदराखाली. चेहरा पांढरा. मी कागद काढला आणि विचारलं, हुक लावता येतात का?

"येतात."

मी पाहिलं तर तिच्या चोळीचे हुक लावलेले नव्हते, सेफ्टीपिन होती.

"पेला उचलता येतो?"

"येतो."

"दुखणं किती?"

ती माझ्याकडं पाहत होती. कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं. "दोन," ती म्हणाली. मग म्हणाली, "दोन म्हणलं तं चालन ना?"

मी दोन लिहिलं. देवा शपथ सांगते, माझ्या हातानं दोन लिहिलं. बाहेर तीस माणसं होती.

आत डॉक्टरांनी हात पाहायला मागितला. ती काढेना. त्यांनीच पदर हळूच बाजूला केला. मी दारात उभी होते. बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती, चारही, वाऱ्यानं ज्वारी एका अंगाला पडते तशी. मधली पेरं टरारून सुजलेली. मूठ वळत नव्हती आणि उघडतही नव्हती. डॉक्टरांनी नुसतं बोट लावलं तर ती जागेवरून उठली, पण आवाज केला नाही.

लगेच शेजारी जाऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीला धरला. बराच वेळ धरला. पेरांजवळची हाडं कुरतडलेली होती, उंदरानं खडूचं टोक कुरतडावं तशी. मग त्यांनी तिची फाइल उघडली आणि सात कागद टेबलावर मांडले, सात चांदण्या वर. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नेहमीपेक्षाही हळू बोलले. "शैलजाताई, हे कागद कसे भरले आपण?"



उत्तर प्रेरणानं दिलं. रडत, रागानं. "मंगळवारी अन् बुधवारी गावातल्या त्या पुडीवाल्याच्या गोळ्या घेत होत्या आत्या. दोन दिस घेतल्या का गुरुवारी सूज उतरते. शुक्रवारी परत हाय ते हाय. म्या म्हणलं डॉक्टरले सांगू. तं म्हणे नको, त्या बाईले वाईट वाटन. चार महिने झाले, आत्यांचे केस म्या विंचरते, चोळी म्या घालते. घास म्या भरवते ताई. अन् इथं येऊन ह्या तीन म्हणत, अन् तुमी टाळ्या वाजवत."

चार महिने. म्हणजे ज्या महिन्यात मी पाच लिहून चांदणी काढली, त्या महिन्यात ती बाई सुनेच्या हातानं जेवत होती. आणि त्या महिन्याच्याही एकतीस वाती तिनं वळल्या होत्या. कशा वळल्या, ते मी विचारलं नाही. 

केसरबाई खाली पाहत होती. म्हणाली, "पहिल्या खेपेले खरंच सतरा होतं, बाई. ते खोटं नाही." तिला त्या एका चांदणीची काळजी होती.

डॉक्टरांनी औषध बदललं. त्या पुडीच्या गोळ्यांचा धोका नीट समजावला, त्यात स्टिरॉइड असतं आणि त्यानं वरून सूज दबली तरी रोग आत कसा चालू राहतो ते. "आग अजून विझवता येईल," म्हणाले, "पण जी हाडं गेली ती गेली." त्या आठही महिन्यांत हे औषध देता आलं असतं. हे त्यांनी म्हटलं नाही. मला ऐकू आलं.

त्या दोघी निघून गेल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "चूक माझीही आहे, ताई. मला आकडा चांगला दिसला की मीही पुढच्या पेशंटकडं वळत होतो." ते खरंच असेल. पण चांदणी त्यांनी काढली नव्हती.

वैशाखात केसरबाई आली नाही. फोन लावला तर वाजत राहिला. दवाखान्यात मी कागद पुढं ओढला आणि "गेल्या आठ दिवसांत" म्हटलं की माझ्याच कानात तिचा आवाज यायचा: येते ना व, काय झालं आता मले! समोर दुसरंच कोणी असायचं, बीबी गावची म्हातारी नाहीतर अंढेऱ्याचा गडी. तेही "येते" म्हणायचे. कोणाचंच खरं वाटेना. जुन्या फाइली काढून बसले. किती चांदण्या काढल्या होत्या मी दोन वर्षांत! त्यातल्या किती खऱ्या, हे आता कोण सांगणार? आणि तिन्हीसांजेला वात लवंडली की वाटायचं, ती बाजूला बसली आहे, वाकड्या बोटांनी कापूस धरून, आणि माझ्या तोंडाकडं पाहते आहे. बरणीत अकरा उरल्या तेव्हा मी तिच्या वाती लावणं थांबवलं.

शेवटी एका रविवारी सकाळीच एसटीत बसले. उद्धवराव म्हणाले, "मी येऊ का?" मी नको म्हटलं. पिशवीत कोरा कागद आणि निळं पेन. लाल पेन घरी ठेवलं, मुद्दाम.

सुलतानपुरात घर विचारत गेले. केसरबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. समोर सूप, त्यात पिंजलेला कापूस आणि बोटभर बोटभर ढिले गोळे. वाती म्हणाव्यात असं त्यात काही नव्हतं. मला पाहून तिनं घाईनं सूप पायानं मागं सारलं.

"या बाई! एवढ्या उन्हाच्या? प्रेरणा, पाणी आण व."

मी तिच्यासमोर खालीच बसले. म्हटलं, "मावशी, मी माफी मागायला आले."

"कायची माफी?"

"तुमच्या हातांची."

तिनं हातांकडं पाहिलं, दुसऱ्या कोणाचे पाहावेत तसं. "तुवा काय केलं व माय? हे तं रोगानं केलं. तू तं मले चांगलं म्हणत होती."

  कागद मांडीवर ठेवला. "मावशी, आज परत विचारते. खरं सांगायचं. आकडा वर गेला तरी मी रागावणार नाही. आकडा वर गेला तरच डॉक्टरांना औषध नीट देता येईल. खरं सांगाल ना?"

"हाव."

एकेक प्रश्न विचारला. घाई नाही, मागं रांग नाही. चोळीचे हुक? "जमतच नाही." अंथरुणातून उठणं? "प्रेरणा उठोते." पेला? "नाही." नळ? "कोपरानं फिरोते. नाही, ते बी नाही जमत आता." एकेक उत्तर देताना ती थांबायची. प्रेरणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दुखणं किती, विचारलं तेव्हा केसरबाईनं आधी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "नऊ. सकाळी दहा, पण तू नऊ लिही."

"दहा असेल तर दहा सांगा."

"मंग दहा."

मी बेरीज केली. सत्तावीस. मी सांगितलं, आणि आपल्या कानांनी ऐकलं की माझा आवाज अगदी मऊ आला, शाब्बास म्हणताना यायचा तसाच. केसरबाईनं चटकन वर पाहिलं. तिचं तोंड उजळलं. "बरोबर सांगतलं ना म्या आता? हेच पायजे होतं ना तुले?"

 मी लाल पेन घरी ठेवून आले होते, पण माझं तोंड तर बरोबरच आणलं होतं. आज सत्तावीसनं ही बाई खूश झाली, म्हणून ती पुढच्या महिन्यात बरी झाली तरी सत्तावीसच सांगेल का? आणि मला ते कसं कळणार? दहाचे नऊ तिनं मला बरं वाटावं म्हणून केले होते, आणि नवाचे दहाही कदाचित माझ्यासाठीच. तिच्या दुखण्याचा खरा आकडा एकट्या तिला माहीत होता, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी शाब्बास म्हटलं म्हणून तो तिनं मला देऊन टाकला होता.

निघताना तिनं प्रेरणाला सांगून पुडी बांधायला लावली. सुपातले ते ढिले गोळे. मी घेतले. एसटीत मांडीवर पुडी ठेवून बसले आणि मेहकर येईपर्यंत डोळे पुसत होते. शेजारची बाई म्हणाली, माहेरून आल्या का?

आता केसरबाई नेमानं येते. नवं औषध चालू आहे, डॉक्टर दर वेळी बोटं दाबतात, रक्त तपासतात, कागदाशी ताडून पाहतात. पुडीवाला बंद आहे, असं प्रेरणा सांगते. सूज उतरली आहे. बोटं वाकडी ती वाकडीच. पेला मात्र ती आता दोन्ही तळव्यांत धरून पिते, ते मी स्वतः पाहिलं.

दवाखान्यात मी माझी खुर्ची फिरवून घेतली आहे. भिंतीकडं तोंड करून बसते आणि प्रश्न वाचते. पेशंट माझ्या पाठीमागं बसून उत्तर देतो. आकडा काय आला ते मी कोणाला सांगत नाही, कागद दुमडून आत पाठवते. उंद्रीच्या आजोबांना ते आवडलं नाही. "बाई रुसल्या का?" असं सगळ्यांना विचारतात. रुसल्या तर रुसल्या म्हणावं. लाल पेन दवाखान्यात नाहीच.

परवाच्या गुरुवारी केसरबाई पाठीमागं येऊन बसली. पावलांवरून कळलं. मी भिंतीकडं पाहत वाचलं, "गेल्या आठ दिवसांत दुखणं किती, शून्य ते दहा?"

उत्तर आलं नाही. मी थांबले. पुन्हा वाचलं. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर कोणीतरी खोकत होतं. पेन कागदावर टेकवून मी वाट पाहत बसले, आणि मान वळवायची नाही म्हणून दात आवळून धरले.

मग ती हळूच म्हणाली, "बाई, जराशी इकडं पाहा ना व. तुह्या तोंडाकडं पाह्यल्याबिगर मले सांगता येत नाही."